चिकू खाणारा पाहुणा आणि पिंजरा

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही नागपूरला प्रतापनगरात राहतो, जुनं घर आहे, मागच्या आंगणात दोन चिकू, एक पपई आणि चार गावरान कोंबड्या. मागच्या वर्षी मुलीकडे अमेरिकेत गेली होती, तिथे रात्री रॅकून नावाचे प्राणी यायचे आणि कचऱ्याच्या डब्याची झाकणं उघडून सगळा पसारा करायचे, मग जावयांनी जाळीचा पिंजरा लावला, आत मार्शमेलो म्हणजे मऊ गोड खाऊ ठेवला आणि तिसऱ्या रात्री एक सापडला पण. आता आमच्याकडे महिनाभरापासून रात्री छतावर धडधड होते, सकाळी अर्धे खाल्लेले चिकू खाली पडलेले असतात. शेजारचे म्हणतात मसन्याऊद आहे, प्रेतं उकरतो, घरात लहान नातू आहे म्हणून भीती वाटते. तसाच पिंजरा आणून पकडला आणि गोरेवाड्याच्या जंगलाकडे सोडून दिला तर चालेल का?

उत्तर : काकू, आधी नातवाची काळजी सोडा. हे उदमांजर आहे, प्रेतंबितं काही उकरत नाही, त्या नावामुळे बिचारं उगाच बदनाम झालंय. फळं, उंदीर, किडे हे त्याचं खाणं, माणूस दिसला की पळतं. फक्त कोणी त्याला कोपऱ्यात कोंडू नका, तेव्हा ते चावतं. खात्री करायची असेल तर रात्री गच्चीच्या कठड्यावर कोरडी कणीक पातळ पसरून ठेवा आणि सकाळी बघा, मांजरीच्या ठशात चार बोटं दिसतात, याच्या ठशात पाच. कठड्यावर चिकूच्या काळ्या चकचकीत बिया असलेली विष्ठा पण सापडेल, ठरलेल्या जागीच करतं ते.

आता पिंजऱ्याचं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पिंजऱ्यात पकडणं हीसुद्धा शिकारच धरली आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय करताच येत नाही. आणि अमेरिकेतही हे वाटतं तितकं सोपं नाही बरं का, कित्येक राज्यांत पकडलेला रॅकून दुसरीकडे नेऊन सोडायला बंदी आहे कारण त्याच्यासोबत रेबीज पण नव्या जागी पोचू शकतो. मार्शमेलो का ठेवतात, तर मासे ठेवले की शेजारची मांजरं अडकतात म्हणून. पिंजरा जमिनीला पक्का बांधावा लागतो, नाहीतर रॅकून तो उलटवतो किंवा जाळीतून हात घालून खाऊ काढून घेतो, आत जातच नाही. 1907 साली तिकडे एका अभ्यासात रॅकूनसमोर 13 प्रकारची कुलपं ठेवली होती, त्यातली 11 त्यांनी उघडली! आणि इतकं करून एक पकडला तरी कचऱ्याचा डबा उघडाच राहिला तर रिकाम्या जागी दुसरा येतो.

मी पिंजऱ्याला एवढा विरोध का करते तेही सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एकांनी केळं ठेवून असाच पिंजरा लावला, मे महिना, पत्र्याच्या छतावर. रात्री उदमांजर अडकलं, घरचे लग्नाला गेलेले, दुपारी आम्ही पाहिलं तेव्हा जाळीला धडका देऊन नाक रक्ताने माखलेलं आणि जीभ बाहेर. नागपूरचं ऊन तुम्हाला काय सांगू. पाणी शिंपडलं, वनखात्याची गाडी येईपर्यंत ते गेलं होतं. दोन दिवसांनी त्यांच्याच माळ्यावरून बारीक आवाज यायला लागला, पिल्लं होती. तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही.

म्हणून पकडू नका, त्याचं खाणं आणि रस्ता बंद करा. चिकू तसाही झाडावर पिकू द्यायची गरज नसते, तयार झाला की तोडून घरात पिकवा, पपईला कापडी पिशवी बांधा. दोन्ही चिकूंच्या बुंध्याला जमिनीपासून तीनेक फुटावर दोन फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळा, नखं रुतत नाहीत त्यावर, पण छताला टेकलेल्या फांद्या पाच-सहा फूट मागे छाटल्या नाहीत तर पत्र्याचा काही उपयोग नाही, ते छतावरूनच उतरेल. कोंबड्यांना संध्याकाळीच आत घ्या, अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा, ती पातळ कोंबडीजाळी नको, आणि दाराला नुसती कडी नाही तर वर हुकही लावा.

माळ्यावर राहायला आलं असेल तर मात्र घाई करू नका, पिल्लं वर्षात कधीही असू शकतात. आवाज आला किंवा जखमी प्राणी दिसला तर वनखात्याच्या 1926 नंबरवर फोन करा, सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांवर उपचार करणारं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. आवाज नसेल तर ते ज्या भोकातून माळ्यावर जातं त्यात वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबून ठेवा. सकाळी तो बाहेर पडलेला दिसला तर येणंजाणं चालू आहे, थांबा. तीन रात्री जसाच्या तसा राहिला की मग गवंड्याला बोलवून भोक बुजवा.