छातीवर कोण बसलं होतं

प्रिय पोरी,

तुझा मेसेज पहाटे पावणेचारचा आहे, मी सहाला उठल्यावर वाचला आणि मग परत एकदा नीट वाचला. जाग आली, डोळे उघडे, पंखा दिसतोय, रूममेटची मच्छरदाणी दिसतेय, पण हात हलत नाही, हाक मारायची तर आवाज फुटत नाही, आणि दाराजवळ कुणीतरी उभं आहे, मग ते जवळ येतं आणि छातीवर बसतं. रूममेट म्हणाली खिडकीबाहेर पिंपळ आहे, मुंजा असणार. आईने गावाकडून अंगारा पाठवला, येत्या अमावस्येला देवऋषीकडे जायचं म्हणतेय. आणि अभ्यासिकेतला मित्र हसला, म्हणाला भास आहे गं, सोड, तू सायन्सची ना. या तिघांत तुला त्या हसण्याचंच सगळ्यात जास्त लागलंय असं मला वाचताना जाणवलं.

म्हणून आधी एवढंच सांगते की तुला जे झालं ते खरंच झालं. तू खोटं बोलत नाहीयेस आणि तुला वेडबिड काही लागलेलं नाही. मला पण झालंय. 1981 साली कोल्हापूरला होस्टेलवर होते, परीक्षा तोंडावर, पायथ्याशी नऊवारीतली एक म्हातारी उभी दिसली, पदराचा काठसुद्धा दिसला, आणि छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं दडपण. आत्याने देवऋषीकडे नेलं, त्याने दंडाला काळा गंडा बांधला. मी बीएस्सी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होते तरी गेले, कारण दुसरं कुणी काही सांगतच नव्हतं. त्या गंड्याचं पुढे लिहिते.

आता नेमकं काय होतं ते बघ, कारण हे नीट कळलं ना की निम्मी भीती तिथेच उतरते. 1953 मध्ये शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी दाखवलं की झोपेत ठरावीक वेळाने डोळे पापण्यांआड भराभर फिरायला लागतात, आणि त्या वेळी उठवलं तर माणूस बहुतेकदा स्वप्न सांगतो. या झोपेला रेम झोप म्हणतात, साधारण दीड तासाच्या फेऱ्यांनी ती येते आणि पहाटेकडे लांबत जाते. आता या झोपेत मेंदू जवळजवळ जागेपणासारखा चालू असतो, मग स्वप्नात पळताना आपण खरेखुरे कॉटवरून उठून पळत का नाही? कारण मेंदूच्या देठाकडून मणक्यातल्या स्नायू हलवणाऱ्या पेशींना दाबून धरणारा निरोप जातो, ग्लायसिन आणि गाबा ही रसायनं ते काम करतात, आणि अंग ढिलं पडतं. फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतली बरोबर हीच जागा निकामी केली तेव्हा ती मांजरं गाढ झोपेतच उठून उभी राहिली, नसलेल्या भक्ष्यावर झडप घालायला लागली. म्हणजे ते कुलूप रोज रात्री लागतं, तुला, मला, सगळ्यांना, आणि ते आपल्या भल्यासाठीच असतं.

तुझ्या बाबतीत एवढंच झालं की कुलूप उघडायच्या आधी जाग आली. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासाचा पडदा यांना ते कुलूप लागत नाही, म्हणून तुला पंखा दिसत होता आणि श्वास चालू होता. पण बरगड्यांमधले स्नायू ढिले असतात, तू घाबरून मोठा श्वास घ्यायला बघतेस आणि तो घेता येत नाही, मग छातीवर वजन आहे असंच वाटणार ना. मराठीत याला निद्रा-पक्षाघात म्हणतात, पण हा शब्द तू आईला सांगू नकोस, पक्षाघात म्हटलं की ती अर्ध्या वाटेवरच रडायला लागेल. जगभरच्या पाहण्या एकत्र करून 2011 मध्ये आकडे मांडले गेले, त्यात शंभरातल्या साधारण 8 जणांना आयुष्यात एकदा तरी हे झालेलं होतं आणि विद्यार्थ्यांमध्ये हाच आकडा 28 च्या आसपास होता. तुझ्या अभ्यासिकेत पन्नास मुलं बसत असतील तर विचार कर कितीजण हे गुपचूप मनात ठेवून बसलेत.

तू विचारलंयस, मॅडम, अंग न हलणं समजलं, पण ते दाराजवळचं माणूस कुठून आलं? हा प्रश्न मला फार आवडला. रेम झोपेत भीतीचं केंद्र, अमिग्डाला, जोरात चालू असतं, म्हणजे आधी नुसती भीती आहे आणि तिला कारण नाहीये, मग मेंदू अंधाऱ्या खोलीत कारण शोधतो. आणि कुणीतरी आहे ही जाणीव मेंदूतूनच कशी तयार होऊ शकते त्याचं एक उदाहरण सांगते. 2006 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी एक केस छापली, बावीस वर्षांची मुलगी, जवळपास तुझ्याच वयाची, एपिलेप्सीच्या ऑपरेशनआधीची तपासणी चालली होती, त्यात मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या जरा वर मागे, एका जागी बारीक करंट दिला की तिला वाटायचं पाठीमागे कुणीतरी आहे. ती आडवी असली की ते आडवं, ती उठून बसली की ते बसलेलं, तिने गुडघ्यांना मिठी मारली तर ते तिला मिठी मारून बसलंय. हातात वाचायला कार्ड दिलं तर म्हणाली, त्याला हे कार्ड घ्यायचंय. करंट बंद की माणूस गायब. तिथे दुसरं कुणी नव्हतं, ती तिच्याच शरीराची जाणीव होती, जागा चुकून बाहेर पडलेली. झोप आणि जाग यांच्या सीमेवर तसंच काहीसं होत असावं असं बऱ्याच संशोधकांना वाटतं, मलाही ते पटतं.

आणि मग त्या सावलीला चेहरा देतं आपलं गाव. जपानमध्ये याच अनुभवाला कानाशिबारी म्हणतात, धातूने जखडल्यासारखं होणं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला म्हातारी छातीवर बसते. मला म्हातारी नऊवारीत दिसली, तुला मुंजाचा संशय आला कारण खिडकीबाहेर पिंपळ आहे. अनुभव सगळीकडे एकसारखा आणि अर्थ मात्र मुलुखाप्रमाणे बदलतो, हे तुला दिसतंय ना? पोरी, मी चाळीस वर्षं जी गोष्ट शिकवायचा प्रयत्न केला ती हीच आहे, की अनुभव आणि त्याचा लावलेला अर्थ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, पहिली कुणी हिसकावून घेऊ शकत नाही, दुसरी मात्र तपासता येते आणि तपासलीच पाहिजे. तुझ्या मित्राने दोन्ही एकदम फेकून दिल्या, तिथे तो चुकला. मन, श्रद्धा, भीती हे सगळं निसर्गातलंच आहे, झाडाच्या मुळासारखं, आणि मुळावर हसून मुळं कशी वाढतात ते कळत नाही.

आता गंडा. तो बांधल्यावर मला परत कधी म्हातारी दिसली नाही, आणि जवळजवळ दोन वर्षं मी तो काढला नाही, आंघोळीला सुद्धा. माझा पक्का विश्वास होता की त्यानेच काम झालं. पण गंडा बांधला तो परीक्षा संपल्यावर, त्यानंतर मी घरी आले, दहाला झोपायला लागले, आईच्या हातचं खाल्लं, आणि हा त्रास तसाही येतो आणि बहुतेकदा आपला आपण जातो. पुढे बारावीला शिकवायला लागल्यावर स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा 1948 चा कबुतरांचा प्रयोग वाचला आणि माझा हात आपोआप दंडाकडे गेला. त्यांनी भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे दिले, कबुतर काहीही करो न करो दाणे यायचेच, तरी एक कबुतर गोल फिरायला लागलं, दुसरं पिंजऱ्याच्या कोपऱ्याकडे डोकं फेकायला लागलं, कारण दाणे आले तेव्हा ते योगायोगाने तेच करत होतं. त्याचा अर्थ कसा लावायचा यावर नंतर बरेच वाद झालेत, पण दोन गोष्टी लागोपाठ घडल्या की त्या जोडणं ही फक्त अडाण्यांची खोड नाही, पाव किलोच्या पक्ष्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांच्या मेंदूची ती घडण आहे, आणि एरवी ती घडण फार उपयोगाची आहे, तिच्यामुळेच आपण विस्तवात परत हात घालत नाही.

मग तपासायचं कसं? असं तपासायचं की उत्तर आपल्या विरुद्ध जायला जागा राहील. 21 सप्टेंबर 1995, तू जन्मलीही नव्हतीस, त्या गुरुवारी देशभर गणपती दूध पितोय अशी बातमी उठली, देवळांपुढे रांगा लागल्या. सासूबाईंनी देवघरातल्या पितळी गणपतीच्या सोंडेला चमचा लावला आणि दूध खरंच कमी झालं, मी डोळ्यांनी बघितलं. संध्याकाळी मी त्यांना विचारूनच दुधात चिमूटभर कुंकू कालवलं आणि चमचा परत लावला. सोंडेच्या टोकाला थेंब चिकटला, क्षणभर तसाच थांबला, मग एक बारीक गुलाबी रेघ सोंडेवरून पोटावर, पोटावरून मांडीवर आणि खाली ताम्हणात गेली. पांढरं दूध इतक्या पातळ थरात वाहतं की चकचकीत मूर्तीवर दिसतच नाही, पृष्ठताणामुळे चमच्यातून ओढलं जातं आणि मग वजनाने खाली उतरतं. दिल्लीच्या वैज्ञानिकांनीही त्या दिवशी दुधात रंग घालूनच दाखवलं होतं. सासूबाई बराच वेळ ताम्हणाकडे बघत बसल्या, मग फडक्याने गणपती पुसला, म्हणाल्या, बरं झालं कळलं, आणि रोजच्यासारखा दिवा लावला. मला त्यांचं ते पुसणं अजून आठवतं. त्यांची श्रद्धा त्या दुधावर उभी नव्हतीच.

आईशी बोलताना हे लक्षात ठेव. अंगारा फेकू नकोस, तो तिच्या काळजीची पुडी आहे, उशाशी राहू दे. पण देवऋषीकडे जायचं नाही, इथे मी अजिबात मऊ नाहीये. एक तर त्याने मुंजा म्हटलं की तुझी भीती वाढणार आणि भीती वाढली की त्रास वाढतो, इजिप्त आणि डेन्मार्कच्या लोकांची तुलना करून हे बघितलंय, जिथे लोक याला जिनाचं काम मानतात त्या इजिप्तमध्ये भीती जास्त होती आणि जखडलेपण जास्त वेळ टिकल्याचं लोकांनी सांगितलं. अर्थ नुसता डोक्यात राहत नाही गं, तो अंगात उतरतो. दुसरं म्हणजे भूत उतरवायच्या नावाखाली पोरींना मारतात, बांधून ठेवतात, मी आमच्या भागात बघितलंय. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. हा कायदा व्हावा म्हणून आमच्या साताऱ्याच्या डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांनी कितीतरी वर्षं घालवली, आणि त्यांना 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी फिरायला गेलेले असताना जिथे गोळ्या घातल्या तो पुण्यातला ओंकारेश्वराचा पूल तुझ्या पेठेतून चालत जाण्याइतका जवळ आहे. कधीतरी जाऊन उभी राहा तिथे.

तू शेवटी लिहिलंयस की मग मी म्हणजे नुसती रसायनंच का. नुसती हा शब्द काढ. त्याच रसायनांतून तुला आईची आठवण येते, त्यांच्यातूनच तू रात्री तीनला राज्यघटनेची कलमं पाठ करतेस. पेशींच्या या हालचालीतून आतून काहीतरी वाटणं कसं उगवतं, याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही. ती जागा रिकामी राहू दे, घाईघाईने मुंजा आणून बसवू नकोस.

आता काम. एक वही कर, त्यात रोज लिही, झोपले किती वाजता, उठले किती वाजता, उताणी होते की कुशीवर, दुपारी किती झोपले, आणि ते झालं की नाही. हे उताणं झोपल्यावर आणि झोपेचे तास विस्कटल्यावर जास्त होतं, आणि तुझे तास कसे आहेत ते तुझ्या मेसेजच्या वेळांवरूनच दिसतंय. पंधरा दिवस बारा ते सात झोप, कुशीवर, मग आकडे काय म्हणतात ते बघू, माझं चुकलं तर वहीत दिसेल. परत झालंच तर उठायची धडपड करू नकोस, पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न कर आणि मनात म्हण, कुलूप आहे, आत्ता निघेल. मात्र दिवसा बोलता बोलता झोप लागत असेल, किंवा हसताना गुडघ्यातून एकदम जोर जात असेल तर वही बिही बाजूला ठेव आणि सरळ न्यूरॉलॉजिस्टला दाखव, तो वेगळा आजार असू शकतो.

रविवारी सकाळी दहाला फोन कर आणि आईला पण लाइनवर घे. मी त्यांना माझ्या म्हातारीबद्दल सांगणार आहे.

तुझी,
मॅडम