शॉक देणार का हो बाळाला?

प्रश्न : माझा नातू २९व्या आठवड्यात झाला. वजन ११५० ग्रॅम. पेटीत होता तेव्हा डोळ्यांचा पडदा तीनदा तपासला, लेसर लागला नाही. आता पाच महिन्यांचा आहे, पण नजर धरत नाही, बुबुळं सारखी हलतात. डॉक्टर म्हणतात, ईआरजी करा, डोळ्याचा करंट मोजायचा. शॉक देणार का? सुनेचं गरोदरपणी काही चुकलं असेल का?
– एक आजी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : आजी, सुनेचं काहीही चुकलेलं नाही. हे तिला आजच सांगा.

शॉक बिलकुल नसतो. उजेड पडला की पडदा स्वतःच किंचित वीज तयार करतो, व्होल्टच्या लाखाव्या-दहा लाखाव्या भागाइतकी. खालच्या पापणीच्या खाली, कातडीवर चिकटपट्टीसारखा इलेक्ट्रोड लावून ती टिपतात. बाळाच्या हालचालीत ती हरवते, म्हणून तोच झोत पुन्हा पुन्हा देऊन सरासरी काढतात. लूमच्या खडखडाटात कुणी एकच हाक दहादा मारली की कळते ना, तसंच.

मग आधीच्या तपासण्या वाया गेल्या का? नाही. पडद्याच्या रक्तवाहिन्या चौथ्या महिन्यापासून वाढतात आणि काठापर्यंत पोचायला पूर्ण दिवस घेतात. तुमचा नातू अकरा आठवडे आधी आला, म्हणून त्या वाहिन्यांवर लक्ष ठेवलं. पण लूम धड दिसतो म्हणून कापड नीट निघेलच असं नाही, तो चालवून बघावा लागतो. ईआरजी म्हणजे ते चालवून बघणं. वीस मिनिटं अंधारात ठेवून मंद झोत देतात, तेव्हा अंधारात पाहणाऱ्या पेशींचं काम कळतं. त्या उशिरा पिकतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत त्यांचा प्रतिसाद बऱ्याचदा लहान येतो. म्हणून पहिला आलेख लहान आला तरी घाबरू नका, काही महिन्यांनी तो पुन्हा काढतात. बाळाचं वय मात्र अकरा आठवडे वजा करून, म्हणजे अडीच महिन्यांचं धरायला सांगा. आलेख चांगला आला आणि तरी नजर धरत नसेल, तर पडद्यापासून मेंदूपर्यंतची वाट तपासतात, त्या तपासणीला व्हीईपी म्हणतात.

बुबुळं हलतात म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नका, एवढं माझं आग्रहाचं म्हणणं. गुंगीचं औषध देणार का ते आधी विचारा. देणार असतील तर बाळाला किती वेळ उपाशी ठेवायचं ते लिहून घ्या, नसेल तर दूध पाजून झोपवूनच न्या. सोबत पेटीतल्या दिवसांचं डिस्चार्ज कार्ड असू द्या.