परदेशी मदतीने गरीब देशांची गरिबी खरंच कमी होते का?
होते, पण नुसत्या पैशाने नाही. व्हिएतनामचं बघा ना. १९८६ ला काय हालत होती त्यांची, महागाई वर्षाला ७०० टक्क्यांच्या वर, भात पिकवणारा देश आणि तांदूळ बाहेरून आणायला लागायचा, आणि सोव्हिएत युनियनची मदत तर वर्षानुवर्षं चालूच होती. मग 'दोई मोई' नावाने सुधारणा सुरू केल्या. खरा फरक पडला १९८८ पासून, सामूहिक शेती बाजूला सारून जमीन कुटुंबांना कसायला दिली (मालकी सरकारचीच बरं का, फक्त कसायचा हक्क), आणि पुढच्याच वर्षी हा देश तांदूळ एक्सपोर्ट करायला लागला! शेतकरी तेच, जमीन तीच, पण पिकवलेलं स्वतः विकता येणार म्हटल्यावर माणूस राबतोच की.

वर्ल्ड बँकेचं कर्ज परत सुरू झालं १९९३ ला, म्हणजे सुधारणांच्या नंतर. तेव्हा गरिबी ५८ टक्के होती, २००८ पर्यंत १५ च्या आत आली. त्या पैशातून रस्ते, वीज वगैरे झालं, ते उपयोगी पडलंच, नाही कोण म्हणतंय.

उलटं उदाहरण हुकूमशहा मोबुटूचं झाईर (आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक, आफ्रिकेतलं). आयएमएफनेच (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) पाठवलेल्या एर्विन ब्लूमेंथालने १९८२ ला रिपोर्टमध्ये लिहून दिलेलं की इथे भ्रष्टाचार एवढा आहे की दिलेले पैसे परत यायची आशा नाही, तरी कोल्ड वॉरमध्ये मोबुटू अमेरिकेच्या बाजूचा माणूस म्हणून कर्ज चालूच राहिलं. असल्या पैशाला गरिबी हटवायची मदत म्हणणंच मला पटत नाही.