गॅलरीतला राडा आणि कुलूप लावलेला दरवाजा : वाचकांचे प्रश्न

मैदानावर दगड पडले, खुर्च्या मोडल्या किंवा माणसे दगावली, की ‘प्रेक्षकांची दंगल’ असे म्हणून आपण मोकळे होतो. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हाच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. कोणी कोणाला मारले हा एक प्रश्न आहे आणि माणसे नेमकी कशाने मेली हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा मिटवता येत नाही. माझी नोकरी अग्निशमन दलात गेली आणि निवृत्तीनंतर मी गर्दीच्या कार्यक्रमांची सुरक्षा तपासून देतो. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही, तेव्हा जिथे त्यांचे काम आहे तिथे मी तुम्हाला त्यांच्याकडेच पाठवणार आहे.

प्रश्न : माझा २१ वर्षांचा मुलगा पेठेतल्या संघाचा सामना बघायला शाहू स्टेडियमवर गेला होता. सामना सुटल्यावर रस्त्यावर दोन्हीकडच्या समर्थकांत दगडफेक झाली. एका चित्रफितीत तो घोळक्यात दिसतो, पण त्याने दगड मारलेला नाही. पोलिसांची नोटीस आली आहे. ओळखीतले म्हणतात, नुसता उभा असलेल्याला काही होत नाही. (एक वडील, कोल्हापूर)

ओळखीतल्यांचे ऐकू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ नुसार बेकायदा उद्देशाने जमलेल्या पाच किंवा अधिक माणसांचा जमाव बेकायदा ठरतो. अशा जमावातल्या एकाने जरी त्या उद्देशासाठी बळ वापरले, तरी कलम १९१ नुसार जमावातला प्रत्येक जण दंग्याचा दोषी धरला जाऊ शकतो. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत आणि हाती घातक शस्त्र असल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कलम १९० त्याहून पुढे जाते, कारण समान उद्देशासाठी जमावातल्या कोणीही केलेला गुन्हा ते सगळ्यांच्या माथी मारते. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. केवळ बघ्या म्हणून उभा असलेला माणूस त्या जमावाचा सदस्य ठरत नाही आणि समान उद्देश सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षावर असते. तुमचा मुलगा यांपैकी कोणत्या बाजूला पडतो हे चित्रफीत, त्याची उभे राहण्याची जागा आणि साक्षीदार यांवर ठरेल.

म्हणून नोटिशीवरची तारीख चुकवू नका आणि त्याआधी फौजदारी काम करणाऱ्या वकिलांना गाठा. मोबाइलमधले काहीही पुसू नका. जे पुसाल त्यातच त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा असू शकतो. ‘मांडवली करून देतो’ म्हणणाऱ्याला दारात उभे करू नका. मुलगा पोलीस भरती किंवा अन्य सरकारी नोकरीच्या तयारीत असेल, तर चारित्र्य पडताळणीच्या अर्जात प्रकरण लपवण्याचा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो मानू नका, कारण लपवल्याच्या कारणावरूनच नोकरी जाऊ शकते. कोल्हापूरचा फुटबॉल तालमींनी वाढवला, त्यामुळे तिथली जर्सी म्हणजे पेठेची इभ्रत असते, हे मला ठाऊक आहे. न्यायालयात मात्र पेठ आरोपी होत नाही, एकेक मुलगा होतो.

प्रश्न : कबड्डीच्या सामन्यानंतर झालेल्या हाणामारीत भावाच्या डोक्याला वीट लागली. पाच दिवस झाले. अधूनमधून उलटी होते आणि झोप फार येते. घरी काय उपाय करावा?

घरी काहीही करू नका, हे वाचून होताच त्याला सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. पाच दिवस वाट पाहिलीत, तीच खूप झाली.

प्रश्न : हरलेल्या संघाचेच समर्थक दंगा करतात, हे बरोबर ना?

नाही. जानेवारी १९७५ मध्ये, वानखेडेवरच्या पहिल्याच कसोटीत, क्लाइव्ह लॉइड यांच्या द्विशतकाबद्दल अभिनंदन करायला एक प्रेक्षक मैदानात धावला, पोलिसांनी त्याला चोप दिला आणि त्यावरून स्टँड पेटले. तेव्हा कोणी हरले नव्हते, कोणी जिंकलेही नव्हते. ४ जून २०२५ रोजी बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण गेले ते विजयोत्सवाच्या दिवशी, चेंगराचेंगरीत. त्याला दंगल म्हणणे हा मृतांवर अन्याय आहे.

प्रश्न : आमच्या समर्थकांच्या ग्रुपवर ‘पंचाने पैसे घेतले’ असा संदेश सामना चालू असतानाच फिरत होता. मी तो पुढे पाठवला. नंतर मैदानात बाटल्या पडल्या. माझी चूक झाली का?

झाली. ती कायद्याच्या दृष्टीने किती मोठी आहे हे संदेशातल्या शब्दांवर अवलंबून आहे. पंचाची बदनामी, चिथावणी, दोन गटांत तेढ असे वेगवेगळे मुद्दे त्यातून निघू शकतात. वकिलांना मूळ संदेश दाखवून विचारा, आठवणीतून सांगू नका.

हा प्रकार मोबाइलने आणला, असे मात्र समजू नका. नोव्हेंबर १९६९ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत वेंकटराघवन यांना यष्टिरक्षकाकडे झेलबाद दिले गेले. हजारो प्रेक्षकांच्या कानाला ट्रान्झिस्टर होते आणि चेंडू बॅटला लागलाच नाही, असे समालोचनातून त्यांच्या कानी पडले. बाटल्या आल्या, खुर्च्या आल्या, आगी लागल्या. इतक्या अंतरावरून बॅटची कड कोणालाच दिसली नव्हती, सगळ्यांनी ती ऐकली होती. ट्रान्झिस्टरवर निदान एकच माणूस बोलत होता. तुमच्या ग्रुपवर किती जण बोलतात ते तुम्हीच मोजा.

प्रश्न : आम्ही गावात फुटबॉलची स्पर्धा भरवतो. अंतिम सामन्याला सहा हजार प्रेक्षक येतात. फुकटे घुसतात म्हणून सामना सुरू झाला, की आम्ही तीन दरवाजांना कुलूप लावतो आणि चार फुटांचा एक चालू ठेवतो. दंगा झाला तर एकाच दरवाजावर बंदोबस्त ठेवणे पोलिसांनाही सोपे जाते. यात काही सुधारणा सुचवाल का? (एक सचिव, सांगली जिल्हा)

सुधारणा नाही, हे आजच्या आज बंद करा. पत्र मी दोनदा वाचले, कारण वीस वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या मैदानावर मी नेमके हेच पाहिले होते : चार दरवाजे, तिघांना कुलपे आणि तिन्ही किल्ल्या ज्याच्या खिशात तो गृहस्थ चहाला गेलेला. त्या दिवशी काही घडले नाही, म्हणून आयोजकांनी माझा अहवाल हसण्यावारी नेला.

आधी हिशेब करू. इंग्लंडमध्ये मैदानांच्या सुरक्षेसाठी जी मार्गदर्शिका वापरतात, तिच्यानुसार सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसे बाहेर पडतात आणि जिन्यावरून ६६. चार फूट म्हणजे साधारण १.२ मीटर, म्हणजे मिनिटाला फार तर ९८ माणसे. तुमच्या सहा हजारांना बाहेर पडायला एक तास लागेल, आणि तोही सगळे शांतपणे रांगेत चालले तर. ती मार्गदर्शिका जास्तीत जास्त आठ मिनिटे मान्य करते. आठ मिनिटांसाठी तुम्हाला एकूण सव्वानऊ मीटर रुंदीचे दरवाजे उघडे हवेत, आणि त्यांतला एखादा ऐन वेळी अडेल हे गृहीत धरून त्याहून जास्त.

आता कुलपांनी काय केले ते पाहा. २४ मे १९६४ रोजी लिमाच्या राष्ट्रीय स्टेडियमवर पेरू आणि अर्जेंटिना यांच्या सामन्यात पेरूचा गोल नाकारला गेला, प्रेक्षक मैदानात उतरले आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. लोक जिन्यांनी खाली पळाले, तर रस्त्याच्या तोंडाशी पत्र्याचे दरवाजे बंद. सरकारी आकडा ३२८ मृतांचा आहे आणि त्यांतले बहुतेक जिन्यांत गुदमरून गेले. ९ मे २००१ रोजी घानातल्या आक्रामध्ये पुन्हा अश्रुधूर, पुन्हा बंद दरवाजे आणि शंभराहून अधिक मृत. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातल्या मलांग परिसरात, कंजुरुहान स्टेडियमवर, यजमान आरेमा संघ पर्सेबायाकडून ३-२ असा हरला. काही प्रेक्षक मैदानात आले आणि पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी थेट गॅलरीकडे सोडली. दरवाजे अरुंद होते, काही पुरते उघडलेलेही नव्हते. १३५ माणसे गेली. दुसऱ्या दिवशी ‘समर्थकांची दंगल’ असे मथळे जगभर छापले गेले. पण पर्सेबायाच्या समर्थकांना त्या सामन्याला बंदी होती, गॅलरीत होते ते एकाच संघाचे लोक. ते कोणाशी दंगल करणार होते? मैदानात गर्दी पांगवण्याचा वायू वापरायला फिफाच्या नियमावलीत मनाई आहे, ती तिथे कागदावरच राहिली.

समर्थक नेहमीच निर्दोष असतात, असे मी म्हणत नाही. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हायझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूल या इंग्लिश क्लबचे समर्थक शेजारच्या विभागावर चालून गेले, जीव वाचवायला मागे सरकलेल्या लोकांच्या भाराने जुनी भिंत कोसळली आणि ३९ जण मेले, त्यांतले बहुतेक इटालियन. इंग्लिश क्लबना त्यानंतर पाच वर्षे युरोपीय स्पर्धांबाहेर ठेवले गेले, ते योग्यच झाले. १ फेब्रुवारी २०१२ रोजी इजिप्तच्या पोर्ट सईदमध्ये ७४ जण गेले, तिथे तर पाहुण्या संघाच्या समर्थकांवर उघड हल्लाच झाला. पण पळणारे लोक अडकले ते तिथल्याही बंद दरवाजाशी.

पण हायझेलचा धडा अर्धाच शिकला गेला, आणि ज्याचा मला राग येतो ते हेच. समर्थक म्हणजे जनावर असे एकदा ठरले, की त्यांना पिंजऱ्यात ठेवावेसे वाटते. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर, लोखंडी जाळ्यांनी बंद केलेल्या कप्प्यांत, लिव्हरपूलचेच समर्थक चिरडले. मृतांची संख्या आज ९७ आहे. समर्थकांनी दरवाजा जबरदस्तीने उघडला, असे पोलिसांनी सांगितले. ते खोटे होते. दरवाजा पोलिसांच्याच आदेशाने उघडला होता आणि आत आलेल्या लोंढ्याला आधीच भरलेल्या कप्प्यांपासून वळवायला कोणी उभे नव्हते. हे मृत्यू बेकायदा होते आणि समर्थकांचा त्यात दोष नव्हता, असा निर्णय ज्युरीने दिला तो २०१६ मध्ये, सत्तावीस वर्षांनी. इतकी वर्षे ‘दंगलखोर’ या एका शब्दाच्या आड सगळे लपून होते.

तेव्हा सचिवसाहेब, प्रत्येक दरवाजावर आतून ढकलताच उघडणारी कडी लावा आणि सामना सुरू झाल्यापासून मैदान रिकामे होईपर्यंत तिथे एक माणूस उभा करा, ज्याला जागा सोडण्याची परवानगी नाही. फुकट्यांमुळे होणारे नुकसान चार स्वयंसेवकांच्या चहापाण्याइतके असते. शिवाय तुमच्या मैदानाचा नकाशा घेऊन पोलीस ठाणे, अग्निशमन विभाग आणि स्थापत्य अभियंता यांच्याशी स्पर्धेच्या महिनाभर आधी प्रत्यक्ष बोला. आदल्या दिवशी ना हरकत प्रमाणपत्रासाठी धावू नका. माझ्या गणितावर विसंबूनही दरवाजे पाडू नका, कारण तुमचे उतार, जिने आणि पायवाट मी पाहिलेली नाही.

प्रश्न : एका कंपनीने आमच्या स्पर्धेसाठी ‘दंगलमुक्त मैदान’ असे पॅकेज देऊ केले आहे. त्यात चेहरा ओळखणारे कॅमेरे, वीस बाउन्सर आणि प्रमाणपत्र आहे. घ्यावे का?

प्रमाणपत्र कोण देणार, हे त्यांना विचारा. स्वतः विकणारा स्वतःच प्रमाणपत्र देत असेल, तर तो कागद चौकटीत लावण्यापुरता आहे. बाउन्सर हा दंडाचे माप पाहून निवडलेला असतो. गर्दीचा माणूस मात्र लोकांना वाट दाखवायला शिकलेला लागतो आणि खासगी सुरक्षा एजन्सीला परवाना लागतो, तोही मागा. कॅमेरा कोण पडला ते सांगेल, त्याला उचलणार नाही. आणि तिकिटे किती छापणार हे तुमच्या हाती आहे, त्याला पॅकेज लागत नाही. १ जानेवारी १९६७ रोजी ईडन गार्डन्सवर वेस्ट इंडिजविरुद्धच्या कसोटीत जे पेटले, त्याच्या मुळाशी जागेपेक्षा जास्त विकलेली तिकिटेच होती. करारावर सही करण्यापूर्वी तो वकील आणि पोलीस ठाणे या दोघांना दाखवा.

प्रश्न : अश्रुधुरावर कांदा हुंगावा किंवा डोळ्यांखाली टूथपेस्ट लावावी, असे वाचले. खरे आहे का?

खरे नाही, व्हिनेगरचेही नाही. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, उघड्यावर आणि जमेल तितके उंचावर जा, डोळे चोळू नका, दहा-पंधरा मिनिटे साध्या पाण्याने धुवा, लेन्स असतील तर काढून टाका आणि अंगावरचे कपडे बदला. दमेकरी, लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल, अथवा श्वास लागत असेल, तर डॉक्टरांकडे लगेच जा.

प्रश्न : मी मँचेस्टरमध्ये शिकतो. सामना संपल्यावर आनंदाच्या भरात मित्रांबरोबर मैदानात उतरून सेल्फी काढला. आता पोलिसांचे पत्र आले आहे. ही दंगल नव्हती ना?

दंगल नव्हती, पण तिथे तो स्वतंत्र गुन्हा आहे. १९९१ च्या फुटबॉल गुन्ह्यांच्या कायद्यानुसार कायदेशीर कारणाशिवाय मैदानात उतरणे दंडनीय आहे आणि दोष सिद्ध झाल्यास न्यायालय सामन्यांना जाण्यावर बंदीचा आदेश देऊ शकते. तुरुंगवास झाला नसेल, तर तो आदेश तीन ते पाच वर्षांचा असतो, परदेशातल्या मोठ्या सामन्यांच्या काळात पासपोर्टही जमा करावा लागू शकतो. तुमच्या व्हिसावर काय परिणाम होईल हे मित्रांना विचारू नका. फौजदारी काम करणारा आणि इमिग्रेशन जाणणारा असे दोन सॉलिसिटर आधी गाठा, पत्राला उत्तर त्यानंतर द्या. विद्यापीठातल्या विद्यार्थी सल्ला कक्षात यांची नावे मिळतात.

प्रश्न : फातोर्ड्याच्या सामन्याला रंगीत धुराची नळकांडी आत नेली तर चालेल का? नुसता रंगच तर असतो. (मडगाव)

चालणार नाही. तो नुसता रंग नसतो, त्याच्या मुळाशी आग असते, आणि तुमच्यामागे बसलेल्याला तो धूर रंगाचा आहे की पोलिसांचा, हे कळायला जितका वेळ लागेल तितक्यात तो पळायला लागलेला असेल.