'आय मिस यू'ला मराठीत काय म्हणायचं?

ओळखीतल्या एका ताईंची लेक शिकायला जर्मनीला गेलीये. रोज रात्री तिचा मेसेज येतो, आई मिस यू. ताईंचा प्रश्न असा की मला हेच मराठीत परत लिहायचं असतं, पण 'तुझी आठवण येते' लिहिलं की पाणी घातलेल्या ताकासारखं वाटतं, तर आपल्याकडे मिसला शब्दच नाही का?

आहे की. उलट एक नाही, दहाबारा आहेत, आणि घोळ तिथेच होतो, कारण इंग्लिशवाल्यांनी एकाच मिसच्या पिशवीत जे काय काय कोंबलंय ते आपण वेगवेगळ्या डब्यांत ठेवलंय.

मिस हे मुळात नेमबाजीतलं क्रियापद. बेओवुल्फ नावाचं जुन्या इंग्लिशमधलं जे काव्य आहे त्यात हेथकिन नावाचा राजपुत्र बाण सोडतो, तो खुणेवर न लागता त्याच्याच भावाला लागतो आणि भाऊ मरतो, तिथे नेम चुकला हे सांगायला कवीने हेच क्रियापद वापरलंय. म्हणजे आधी बाण चुकला, मग हळूहळू बोट चुकली, बोलणं ऐकायचं राहिलं, आणि 'नेहमीच्या जागी हात घातला तर तिथे ते नाहीच' अशा वाटेने मिस माणसापर्यंत पोचलं. (शाळेतल्या मिसचा याच्याशी काही संबंध नाही हं, ती मिस्ट्रेसचं लघुरूप.)

आता आपल्याकडे बघा. चुकणे, हुकणे, मुकणे, तिन्ही मिसच, कानालाही सख्ख्या बहिणी वाटतात, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. चुकणे सगळ्यात मोकळं, नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते, पाळी चुकते. पत्ता सांगताना इंग्लिशवाला म्हणतो यू कान्ट मिस इट, आपण म्हणतो सरळ जा, चुकायचंच नाही. हुकणे म्हणजे हातातोंडाशी आलेलं गेलं, त्यात हळहळ हवीच. १९४८ साली ओव्हलवर ब्रॅडमन शेवटच्या डावात शून्यावर गेला आणि कसोटीतली सरासरी ९९.९४ वर अडकली, चार धावा हव्या होत्या फक्त. तिथे मराठी माणूस 'शंभरची सरासरी चार धावांनी हुकली' असंच म्हणेल, 'चुकली' म्हटलं तर हिशोबात चूक झाल्यासारखं वाटेल. आणि मुकणे त्याहून जड, जे आपलं होतं ते गेलं, पायाला मुकला, प्राणाला मुकला. बसला कुणी मुकत नाही, मुकलाच तर तो माणूस नाटकी आहे असं समजावं.

बाकीचे पटापट सांगतो. लेक्चर बुडतं, कॅच सुटतो, गोळी घ्यायची राहते, बघायचं राहून जातं. 'गाडी सुटली' म्हणजे नुसती निघाली, पण 'माझी गाडी सुटली' म्हणजे मी फलाटावर बोंबलत उभा, एका 'माझी'ने सगळा फरक.

आणि एक फरक मला फार आवडतो तो म्हणजे टळणे. इंग्लिशमध्ये विमान मिस होतं आणि बंदुकीची गोळीही मिस होते, चांगलं वाईट सगळं एकाच तागडीत. मराठीत चांगलं असेल ते हुकतं, वाईट असेल ते टळतं. म्हणून नियर मिस या शब्दाने आपला गोंधळ होतो. दोन विमानं आदळता आदळता राहिली की त्याला ते लोक नियर मिस म्हणतात, आपण म्हणतो टक्कर थोडक्यात टळली, की लगेच सुटकेचा श्वाससुद्धा त्या वाक्यात येऊन बसतो.

आता ताईंचा खरा मुद्दा, माणसाचं मिस. इथे शब्दापेक्षा वाक्याची ठेवण जास्त महत्त्वाची आहे असं मला वाटतं. आय मिस यू मध्ये मी कर्ता, काहीतरी करणारा. मराठीत या बाबतीत मी काहीच करत नाही, माझ्यावर ते येऊन पडतं. तुझी आठवण येते, मला करमत नाही, घर खायला उठतं, सगळीकडे कर्ता भलताच कुणीतरी, आणि आपण 'मला' होऊन गप्प बसलेलो. फ्रेंचमध्ये तर आणखी मजा, तिथे 'तू मे मांक' म्हणतात, म्हणजे 'तू मला कमी पडतोस' असं काहीसं, कर्ता गेलेला माणूसच! आपलं 'तुझी उणीव भासते' त्याच्या जवळ जातं पण ते श्रद्धांजलीच्या बोर्डासाठी इतकं वापरलंय की पोरीला लिहिलंत तर ती घाबरून फोन करेल.

'आठवण येते' फिकं का वाटतं याचं कारण मला असं दिसतं की आठवणीत उणीव असायलाच पाहिजे असं नाही. शाळेतल्या मारकुट्या मास्तरांची आठवण येते, म्हणून काय आपण त्यांना मिस करतो? शिवाय आठवण येते वेगळी आणि आठवण काढतात वेगळी. इकडे कुणी काढली की तिकडे उचकी लागते, ही सोय इंग्लिशमध्ये कुठून आणणार.

उणिवेचं दुखणं सांगायला आपल्याकडे करमत नाही आहेच, लहान पोरांसाठी खंत आहे (आई कामाला जायला लागली आणि पोराने खंत घेतली), आणि माझा सगळ्यात लाडका शब्दप्रयोग म्हणजे चुकल्याचुकल्यासारखं वाटणं. जरा थांबून बघा काय आहे ते. चुकणे! बाण चुकला, गाडी चुकली, तेच चुकणे, आणि तू नाहीस तर घरात चुकल्याचुकल्यासारखं होतंय. नेम चुकण्यापासून माणूस नसण्यापर्यंत इंग्लिश मिस जी वाट चालत गेलं तीच वाट मराठी आपली आपण चालली, कुणाची नक्कल न करता. फक्त आपण मधे 'सारखं' घातलं, कारण नक्की काय चुकलंय ते सांगता येत नाही म्हणूनच तर जीव खालीवर होतो.

या दोन अर्थांची टक्कर बघायची असेल तर वी मिस्ड ईच अदर हे वाक्य घ्या. स्टेशनवर हा पुलावर, ती तिकीट खिडकीपाशी, आमची चुकामूक झाली, हा एक अर्थ. दोघांनाही एकमेकांशिवाय करमलं नाही हा दुसरा. मराठीत असा गोंधळ होऊच शकत नाही. जर्मनमध्येही नाही, ताईंची लेक सांगेल, तिकडे माणसाला फेरमिसन आणि ट्रेनला फेरपासन.

बरं मग 'मिस करणं' वाईट का? मला नाही वाटत. उसना शब्द आणला तरी आपण त्याला घरचं वळण लावलंच, बस मिस होते आणि माणसाला मिस करतात, होणे करणे लावून दोन अर्थ वेगळे करून टाकले. 'तुला मिस केलं' आणि 'तू मिस केलंस' यातला दुसरा म्हणजे तुझ्या नशिबात ती पुरणपोळी नव्हती. गॅरेजवाला म्हणतो गाडी मिसिंग मारतेय, म्हणजे इंजिन मधेच ठोका चुकवतंय. आणि मिस कॉल तर आपण पार उलटा केला, इंग्लिशमध्ये तो घ्यायचा राहून जातो, आपल्याकडे तो 'देतात', ठरवून. अट एकच, इंग्लिश लिहिताना मिसपुढे टू लावू नका, आय मिस टू ईट नाही, आय मिस ईटिंग.

तर ताई, 'तुझी आठवण येते' खोडून टाका. 'तुझ्याशिवाय करमत नाही गं' लिहा, त्यातला 'गं' विसरू नका, अर्धं काम तोच करतो. किंवा सरळ 'दोन पोळ्या जास्त होतात रोज' एवढंच लिहा, तिला कळेल.