नावाजलेल्या मालिकांत गाणी एवढी अंगावर का येतात?

प्रश्न असा आहे: ‘द हँडमेड्स टेल’मध्ये भागाच्या शेवटी गाणं लागलं की वैताग येतो, मग ‘द सोप्रानोज’मध्ये तेच का खटकत नाही? कान बिघडलाय का?

कान ठीक आहे. ‘हँडमेड्स’चा पहिला भाग (2017) आठवा. शेवटी नायिका मनातल्या मनात स्वतःचं खरं नाव उच्चारते. बायकांना गुलाम करणाऱ्या राजवटीनं लादलेलं नाव तिला मान्य नाही, हे तेवढ्यात कळतं. त्यावर लगेच लेस्ली गोरचं 1963 सालचं ‘यू डोन्ट ओन मी’ सुरू होतं, म्हणजे ‘मी तुझ्या मालकीची नाही’. चेहरा, निवेदन आणि गाण्याचे शब्द, तिघंही एकच वाक्य म्हणतात. गाणं झकास आहे, पण इथे ते चित्राखाली लिहिलेली तळटीप होऊन बसलंय.

‘सोप्रानोज’च्या शेवटच्या भागात (10 जून 2007) माफिया टोळीचा म्होरक्या टोनी हॉटेलात टेबलावरच्या ज्यूकबॉक्समधून, म्हणजे नाणं टाकून गाणं लावायच्या यंत्रातून, जर्नी या बँडचं ‘डोन्ट स्टॉप बिलीव्हिन’ स्वतः निवडतो. म्हणजे ते त्या खोलीतच वाजतंय. दाराची घंटा, गिऱ्हाइकांची ये-जा, सगळं त्याच्यात मिसळतं. गाणं आशेचं आणि प्रसंग धास्तीचा, त्यामुळे दोन्ही उलट दिशांना ओढतात. मग ‘स्टॉप’ या शब्दावर पडदा काळा. ‘मॅड मेन’मध्ये (2012) बीटल्सच्या एका गाण्यासाठी सुमारे अडीच लाख डॉलर मोजल्याचं तेव्हा छापून आलं होतं, आणि नायक डॉन ड्रेपर ते अर्ध्यावर बंद करून निघून जातो. एवढे पैसे ओतल्यावर ही हिंमत क्वचितच कुणी दाखवतं.

मात्र ‘शब्द प्रसंगाशी जुळले की वाईट’ असा नियम करू नका. ‘ब्रेकिंग बॅड’च्या शेवटी (2013) बॅडफिंगर या बँडचं ‘बेबी ब्लू’ शब्दशः जुळतं. तरी चालतं, कारण प्रेमगीताचे शब्द नायक वॉल्टर बनवतो त्या निळ्या मेथ या अमली पदार्थाला लागू पडतात आणि तो जोड प्रेक्षकाला स्वतः लावावा लागतो.

पार्श्वसंगीताचं दुखणं बऱ्याचदा संकलनाच्या टेबलावर सुरू होतं. कच्च्या कटवर संकलक दुसऱ्याच कुठल्यातरी चित्रपटाचं तयार संगीत तात्पुरतं लावतो. त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. आठवडेच्या आठवडे तेच ऐकून दिग्दर्शकाचा कान त्याला सरावतो आणि संगीतकाराकडे मागणी येते: ‘असंच काहीतरी दे.’ शिवाय कट ढिला असला तर संगीत तो झाकतं, म्हणून ते जिथे नको तिथेही पसरत जातं. ‘द वायर’ने हा मोहच टाळला: अपवाद सोडले तर तिथे संगीत गाडीच्या रेडिओतून किंवा बारमधून येईल तेवढंच. ‘चेर्नोबिल’साठी (2019) संगीतकार हिल्दुर गुड्नादोत्तिर यांनी वेगळी वाट धरली. लिथुआनियातल्या बंद पडलेल्या इग्नालिना अणुप्रकल्पात, जिथे चित्रीकरणही झालं, त्यांनी आवाज टिपले आणि त्यावर संगीत उभं केलं. त्यामुळे पंपाचा आवाज कुठे संपतो आणि संगीत कुठे सुरू होतं, कळतच नाही.

घरी तपासायचं असेल तर आवाज पूर्ण बंद करा आणि कर्णबधिरांसाठीची सबटायटल्स लावा. त्यात ‘तणावपूर्ण संगीत’ अशा नोंदी असतात. ती नोंद नटाचा चेहरा बदलल्यानंतर आली तर ठीक. आधी आली, तर काय वाटायला हवं ते तुम्हाला आगाऊ सांगितलं जातंय. एकाच भागात हे चार-पाचदा दिसलं, तर वैताग रास्त आहे.