अकरावीत तिला गणित सोडू देऊ नका

प्रश्न : माझी मुलगी नागपुरात अकरावीला आहे, नीटचा क्लासही सुरू आहे. सगळे सांगतात, गणित सोड आणि बायोवर जोर दे. ही मात्र माकडांच्या डोळ्यांतल्या पेशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि गडद यांतला फरक, कसा टिपतात, त्याचे आलेख काढत बसते. माझे सासरे डॉक्टरांकडच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतात, पण तिन्हीसांजेला त्यांना घराची शेवटची पायरी दिसत नाही. तिथून हे सुरू झालं. हा नुसता नाद आहे की यात करिअर आहे? तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवते आहे.
– एक आई, मानेवाडा

ताई, ते पान मी दोनदा पाहिलं. एक रेघ झपाट्यानं चढून सपाट झालेली, दुसरी सावकाश पण शेवटपर्यंत चढत गेलेली, आणि खाली पेन्सिलीनं ‘आजोबांची पायरी?’ असं लिहिलेलं. दोन्ही रेघा तिनं बरोबर काढल्या आहेत.

डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर माकडात, आणि आपल्यातही, निरनिराळ्या जातीच्या चेतापेशी असतात. मॅग्नो वाटेच्या पेशी दृष्टिपटलाच्या मोठ्या भागातून प्रकाश गोळा करतात, त्यामुळे अगदी फिकट फरकालाही जोरात प्रतिसाद देतात. पण फरक थोडा वाढला की त्यांची धाव संपते. ती तिची पहिली रेघ. पार्व्हो वाटेच्या पेशी बारकावे आणि लाल-हिरवा रंग सांभाळतात. फिकट फरकाला त्या जेमतेम दाद देतात, मात्र फरक वाढेल तसा त्यांचा प्रतिसादही वाढत जातो. हा भेद मेंदूत नव्हे, दृष्टिपटलातच सुरू होतो, हे कॅप्लान आणि शॅपली या शास्त्रज्ञांनी 1986 साली दाखवलं.

आता मुद्द्याचं. ही आवड बायोची वाटते, पण तिच्या पोटात गणित आहे. कॉन्ट्रास्ट म्हणजेच एक अपूर्णांक : उजळ भाग 60 आणि गडद भाग 40 असेल, तर फरक 20, बेरीज 100, कॉन्ट्रास्ट 20 टक्के. चढून सपाट होणारी ती रेघ ज्या सूत्रानं लिहितात, त्याचा साचा विकरांच्या (एन्झाइमच्या) धड्यातल्या मायकेलिस-मेंटेन वक्राशी मिळताजुळता आहे. तिला ते दोन आलेख शेजारी ठेवायला सांगा, तिचं तिलाच उमगेल. आणि पायरीचं उत्तर या दोन रेघांतून थेट निघत नाही. एकेकटी पार्व्हो पेशी फिकट फरकाला मंद दाद देत असली तरी त्यांची संख्या मॅग्नोंच्या कितीतरी पट आहे, आणि मेंदू अनेक पेशींचे प्रतिसाद एकत्र करतो. त्या बेरजेत काय होतं, हे समजायला संभाव्यता आणि कलनशास्त्र (कॅल्क्युलस) लागतं. दृष्टीच्या संशोधनासाठी 1981 साली नोबेल मिळालेले डेव्हिड ह्यूबेल आधी गणित आणि भौतिकशास्त्र शिकले, मग डॉक्टर झाले.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : नीट देऊ द्या, पण गणित ठेवा. सोबत आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यायला लावा. तिच्यात भौतिक, रसायन, जीव आणि गणित चारही विषयांचे प्रश्न असतात. पुण्याच्या आयसरमध्ये पाच वर्षांचा बीएस-एमएस करून पुढे बेंगळुरूच्या आयआयएससीत किंवा मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात पीएचडी करता येते. नागपुरात राहायचं असेल तर इथंच गणित किंवा भौतिक घेऊन बीएस्सी आणि मग एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम परीक्षा, हीही वाट चांगली आहे. एमबीबीएस झालं तरी संशोधनाचं दार बंद होत नाही.

पैशांचं विचारलं नाहीत, पण मनात असणारच. पीएचडी हातात यायला बारावीनंतर दहाएक वर्षं जातात. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीच्या सुरुवातीला महिन्याला 37,000 रुपये असतात. कायम नोकरी उशिरा लागते, जागाही थोड्या. घरची तेवढी तयारी नसेल तर चार वर्षांचा बी.ऑप्टोम हाही अभ्यासक्रम आहे. त्यात डोळे तपासणं शिकतात आणि कमाई लवकर सुरू होते. मला तिच्यासाठी पहिली वाट जास्त योग्य वाटते. तक्ता वाचता येतो तरी पायरी का दिसत नाही, हा प्रश्न तिला कोणी दिला नव्हता, तो तिनं स्वतः शोधला.

माकडांवर प्रयोग करावे लागतील का, ही धास्ती असेल तर ती सोडा. या क्षेत्रात पडद्यावर चित्रं दाखवून माणसांची दृष्टी मोजणारे आणि संगणकावर पेशींची गणितं मांडणारेही पुष्कळ आहेत.

आणि सासऱ्यांकडे हयगय करू नका. नेहमीच्या तक्त्यावर ठळक काळी अक्षरं असतात. फिकट फरक दिसतो का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी पेली-रॉब्सन नावाचा वेगळा तक्ता 1988 पासून आहे. त्यात अक्षरं एकाच मापाची असतात, फक्त फिकी होत जातात. डोळ्यांच्या डॉक्टरांना पायरीची गोष्ट जशीच्या तशी सांगा, कॉन्ट्रास्ट तपासायला सांगा, मोतीबिंदू आणि काचबिंदूचंही विचारा. नातीला बरोबर न्या. तोवर शेवटच्या पायरीच्या कडेवर पिवळ्या ऑइलपेंटचा चार बोटं रुंद पट्टा मारून घ्या, आजच.